पडदा हलतो, पण श्वास ओढतो का?

माझ्या वहिनी फिजिओथेरपिस्ट आहेत आणि मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. दोघंही साताऱ्यात काम करतो, पुष्कळदा पेशंटही तेच असतात. एका गोष्टीवर मात्र आमचं अजून जुळलेलं नाही: दम लागणाऱ्या माणसाच्या श्वासपटलाची सोनोग्राफी करून हाती काय लागतं? मला ही तपासणी मोलाची वाटते. वहिनींना वाटतं की आपण ती सरसकट सुरू करण्याची घाई करतो आहोत. खालचा संवाद एका संध्याकाळचा आहे. त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत यावी म्हणून तो त्यांना वाचून दाखवला आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या तशाच ठेवल्या.

वाचकांसाठी थोडं आधी सांगतो. हवा आत ओढणारा स्नायू फुफ्फुसात नसतो. ते काम श्वासपटल करतं. दवाखान्यात सगळे त्याला 'पडदा'च म्हणतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये हा घुमटाच्या आकाराचा स्नायू असतो. तो आकसला की घुमट खाली उतरतो, खालच्या फासळ्या बाहेर फाकतात आणि हवा आत येते. मानेतून निघालेल्या दोन फ्रेनिक नसा, प्रत्येक बाजूला एक, त्याला हुकूम देतात. जन्मल्यापासून मरेपर्यंत जो स्नायू एक दिवस सुट्टी घेत नाही, त्याच्याबद्दल दम्याच्या, सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) किंवा टीबी होऊन गेलेल्या पेशंटच्या फायलीत सहसा एक ओळही नसते. माझी तळमळ तिथून सुरू होते.

वहिनी : भावजी, काल तुम्ही पाटणकडच्या आजींचा पडदा पाहिलात. आज त्या माझ्याकडे आल्या त्या डोळ्यांत पाणी घेऊनच. "ताई, माझा पडदा निकामी झालाय म्हणं, आता चालून काय उपेग?" कुणी सांगितलं, तर मुलानं रिपोर्ट वाचला. जन्मभर चुलीपुढं बसलेली बाई, विडीला कधी हात लावला नाही, तरी सीओपीडी पदरात पडला. आता कुठं तिच्या चालण्याला उभारी येत होती. मला सांगा, त्या रिपोर्टनं तिच्या उपचारात काय बदललं?

मी : 'निकामी' असा शब्द रिपोर्टात नाही. खोल श्वास घेताना उजवा पडदा तीन सेंटिमीटर खाली येतो, असं लिहिलंय, आणि खाली 'कार्यक्षमता कमी'. बुसूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये फ्रान्समधल्या २१० निरोगी माणसांची मापं प्रसिद्ध केली. खोल श्वासात पुरुषांचा पडदा सरासरी ७ सेंटिमीटर उतरतो, बायकांचा ५.७. बायकांमध्ये ३.७ च्या खाली गेला तर हालचाल कमी धरायची.

वहिनी : त्या फ्रेंच बायकांची उंची-वजनं काय होती? आजी चार फूट आठ इंच, वजन छत्तीस किलो. त्यांच्या अंगात पडद्याला उतरायला जागाच किती? फ्रान्समधली रेघ पाटणच्या बाईला लावायची आणि ती कमी भरली म्हणायचं, हे मला पटत नाही.

मी : शरीर लहान असेल तर माप थोडं लहान येणार, हे खरं. म्हणून एका आकड्यावर मी थांबत नाही. आजींना तपासायचं कारणही वेगळं होतं. एक्स-रेमध्ये त्यांचा उजवा पडदा जरा जास्तच वर दिसत होता. यकृतामुळे उजवी बाजू थोडी वर असतेच, पण त्यांची त्याहून वर होती. विचारल्यावर कळलं की तरुणपणी त्यांना टीबी झाला होता, उजव्या बाजूला छातीत पाणी झालं होतं, ते काढलंही होतं. मला जाणून घ्यायचं होतं की उजवी नस गेली आहे, की जुन्या आजाराच्या जखमेनं पडदा फासळ्यांना चिकटून बसलाय.

वहिनी : आणि हे सोनोग्राफीला कळतं?

मी : दोन गोष्टी पाहिल्या तर कळतं. पडदा किती खाली सरकतो ही एक. आकसताना तो किती जाड होतो ही दुसरी. नस गेली असेल तर दोन्ही जातात. पडदा चिकटला असेल तर तो सरकत नाही, पण जिवंत स्नायू असल्यामुळे जाड होऊ शकतो.

या जाड होण्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण वादाचा गाभा तिथेच आहे. पेशंटला खाटेवर पाठ थोडी उंच करून टेकवायचं. काखेखाली, आठव्या-नवव्या फासळीच्या मधल्या खाचेत जेल लावून उंच फ्रीक्वेन्सीचा सपाट प्रोब धरायचा. तिथे पडदा फासळ्यांना आतून लागून असतो, कातडीपासून जेमतेम दोन-चार सेंटिमीटरवर. स्क्रीनवर आधी चरबी आणि फासळ्यांमधले स्नायू दिसतात, मग दोन पांढऱ्या स्वच्छ रेघा आणि त्यांच्यामध्ये एक काळसर पट्टा. वरची रेघ फुफ्फुसाच्या आवरणाची, खालची पोटाच्या आवरणाची, आणि मधला काळा पट्टा म्हणजे श्वासपटल. पेशंटनं श्वास घेतला की दोन्ही रेघा एकमेकींपासून दूर जातात, पट्टा रुंद होतो, आणि एका बाजूनं फुफ्फुसाचं पांढरं धुकं सरकत येऊन सगळं झाकून टाकतं. ते झाकायच्या आत चित्र गोठवून माप घ्यायचं. निरोगी माणसात श्वास सोडल्यावर हा पट्टा साधारण दीड ते तीन मिलिमीटर जाड असतो. श्वास घेतल्यावर तो किती टक्के जाड झाला, हा हिशेबाचा आकडा. गॉट्समन आणि मॅकूल यांनी १९९७ मध्ये दाखवलं की लुळा पडलेला पडदा बारीक झालेला असतो आणि भरपूर श्वास घेतला तरी वीस टक्केही जाड होत नाही. ही वीस टक्क्यांची रेघ आजही सगळीकडे वापरतात.

वहिनी : आजींचे किती आले?

मी : उजवीकडे १.८ वरून २.२ मिलिमीटर. म्हणजे बावीस टक्के. रेघेच्या वर. नस शाबूत आहे.

वहिनी : आता हिशेब मी करते. तुमचा हात किंचित चुकला आणि १.८ च्या जागी १.९ वाचलंत, तर? वाढ तीनच दशांश मिलिमीटर. तीन भागिले एकोणीस, सोळा टक्के. मिलिमीटरचा दहावा भाग इकडचा तिकडे झाला, की शाबूत असलेली नस कागदावर लुळी. एवढ्या बारीक मापावर तुम्ही माणसाचं भवितव्य लिहिता?

मी : एका श्वासावर नाही लिहीत. निदान तीन श्वास मोजतो, प्रोबची जागा कातडीवर पेननं खूण करून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी तीच खाच सापडते. दुसऱ्या बाजूशी ताडून पाहतो. आजींची डावी बाजू चोवीस टक्के होती. दोन्ही बाजू जवळपास सारख्या निघाल्या, तेव्हाच मी नस शाबूत म्हटलं.

वहिनी : डावीकडे किती खाली सरकतो ते मोजलंत?

मी : नाही मोजता आलं. उजवीकडे यकृताच्या खिडकीतून घुमट स्वच्छ दिसतो. डावीकडे प्लीहा लहान, आणि पोटातला गॅस आडवा येतो. रिपोर्टात तसं लिहिलंय.

वहिनींचा हिशेब अचूक आहे, आणि या तपासणीबद्दल उत्साहानं लिहिणाऱ्या प्रत्येकानं तो करून पाहावा असं मला वाटतं. दोन मिलिमीटरच्या स्नायूचा शेकडेवारीत मांडलेला आकडा दिसायला पक्का असतो. त्याच्या मागचं माप तेवढं पक्कं नसतं. शिवाय पेशंटनं श्वास किती मनापासून घेतला, यावर सगळं अवलंबून. घाबरलेली, ऐकायला कमी येणारी बाई अर्धाच श्वास घेते आणि तिचा धडधाकट स्नायू मशीनवर दुबळा दिसतो.

वहिनी : मी गेली कित्येक वर्षं हातांनी बघते. दोन्ही तळवे खालच्या फासळ्यांवर ठेवायचे, अंगठे समोर जुळवायचे आणि श्वास घ्यायला सांगायचं. निरोगी माणसात अंगठे दूर जातात. सीओपीडी खूप वाढला असेल तर श्वास घेताना खालच्या फासळ्या उलट आत ओढल्या जातात, अंगठे जवळ येतात. क्लीव्हलंडच्या हूवर नावाच्या डॉक्टरांनी हे शंभरेक वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. त्याला ना मशीन लागत, ना वीज. आजींच्या फासळ्या आत ओढल्या जातात, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मी : उजवी-डावी वेगळी कळली होती?

वहिनी : नाही. तेवढं हाताला कळत नाही.

मी : मला तेच म्हणायचंय. मागं बायपास झालेले एक गृहस्थ आले होते, आठवतात? ऑपरेशननंतर आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा. त्यांना कुठं कुठं दमा म्हणून पंप दिले होते, हृदयाचं पाणी म्हणून गोळ्या दिल्या होत्या. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये फ्रेनिक नस अगदी जवळून जाते. हृदय गार ठेवायला वापरलेल्या बर्फानं किंवा छातीच्या आतली रक्तवाहिनी सोडवताना तिला इजा होऊ शकते. मी त्यांना नाकानं झटकन हवा ओढायला सांगितलं. स्क्रीनवर उजवा पडदा खाली गेला आणि डावा वर. पाच मिनिटांत निदान. किरण नाहीत, सुई नाही, खाटेवरून हलवणं नाही. पूर्वी याच निदानासाठी क्ष-किरणांच्या पडद्यापुढे उभं करायचे, नाहीतर नाकातून अन्ननलिकेत आणि जठरात दोन फुगे सोडून दाब मोजायचे. फुग्यांचं माप आजही सगळ्यांत खरं, पण ते आपल्याकडे किती ठिकाणी होतं?

वहिनी : ते गृहस्थ आठवतात. उशाशी तीन उशा घेऊन झोपायचे. तिथं तुमचं मशीन उपयोगी पडलं, ते मी कधीच नाकारलं नाही. पंप बंद झाले, नस हळूहळू सुधारू शकते हे त्यांना कळलं, धीर आला. पडदा लुळा आहे की नाही, या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर आहे. माझं भांडण दुसऱ्या प्रश्नाशी आहे. पडदा दुबळा आहे का, हा प्रश्न तुम्ही सीओपीडीच्या माणसाला लावता तेव्हा. जरा कोपर दुमडा. पूर्ण. मूठ खांद्याला लावा. आता दंड आणखी आवळा.

मी : (दुमडून) जोर लागत नाही.

वहिनी : दंड दुबळा आहे म्हणून?

मी : आधीच आखडलेला आहे म्हणून.

वहिनी : आजींच्या पडद्याचं तेच झालंय. फुफ्फुसात हवा अडकून ती फुगली, त्यांनी घुमट दाबून सपाट केला. श्वास सुरू करायच्या आधीच स्नायू आखडलेला. फासळ्यांना लागून असलेला त्याचा उभा भागही आखूड झाला, म्हणून आकसला तरी फासळ्या बाहेर फाकायच्या ऐवजी आत ओढल्या जातात. त्यात स्नायूचा काय दोष? तुम्हीच मला सिमिलोव्स्कींचा १९९१ चा शोधनिबंध वाचायला दिला होतात. फुफ्फुसात सारखीच हवा असताना तुलना केली, तर सीओपीडीच्या लोकांचा पडदा निरोगी माणसांपेक्षा कमी पडत नाही, असं त्यात होतं.

मी : हो. आणि १९९७ मध्ये लेव्हीन यांनी तपासलेल्या तुकड्यांत दिसलं की गंभीर सीओपीडीत पडद्यातले न थकणारे, संथ तंतू वाढलेले असतात. राबून राबून स्नायू काटक होतो.

वहिनी : मग अशा काटक स्नायूवर 'कार्यक्षमता कमी' असा शिक्का कसा मारता? कमी झाली ती जागा. आजींचा मुलगा तो शिक्का वाचून 'निकामी' म्हणाला, त्याला मी दोष देत नाही.

मी : शब्दांबद्दल तुमचं बरोबर आहे. सीओपीडीत पडदा कमी सरकतो तेव्हा तो आकडा स्नायूच्या बळापेक्षा फुफ्फुसं किती फुगली आहेत हे जास्त सांगतो. पण हे सांगणंही उपयोगाचं आहे, वहिनी. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी लंडनच्या डॉ. बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं, तेव्हा कुठं जगाचं लक्ष धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे वळलं. त्यात चुलीच्या धुरातल्या बायका मोठ्या संख्येनं आल्या. यातल्या कितीजणींना स्पायरोमेट्रीच्या नळीत नीट फुंकता येतं? दात नाहीत, ओठ मिटत नाहीत, 'जोरात, अजून, अजून' म्हणून आपण ओरडत राहतो आणि आलेख वेडावाकडाच येतो. अशा बाईचा पडदा पंप घेण्याआधी आणि नंतर किती सरकतो, एवढं तरी मला पाहता येतं.

वहिनी : मी तिला बोळात चालवते. सहा मिनिटं. किती मीटर गेली ते मोजते, बोटाला ऑक्सिमीटर असतो, दम किती लागला ते तिच्याच तोंडून शून्य ते दहात ऐकते. तीस मीटरनं वाढलं तर तिला स्वतःला फरक जाणवतो. नळावरून घागर आणायला मध्ये किती वेळा बसावं लागतं, हे ती सांगते. पडदा अर्धा सेंटिमीटर जास्त सरकला, हे तिला कधी जाणवणार?

इथं वहिनींचा आवाज चढला होता, आणि मला ते योग्यच वाटलं. फुफ्फुसांच्या पुनर्वसनाचा म्हणजे चालणं, मांड्यांचे आणि हातांचे व्यायाम, श्वासाच्या सवयी, आहार यांचा फायदा सीओपीडीत जितक्या चाचण्यांमधून सिद्ध झालाय, तितका फार थोड्या उपचारांचा झाला असेल. आणि तो फायदा फुफ्फुसाचे आकडे न बदलता होतो. मांड्या तयार होतात, त्याच चालीला हवा कमी लागते, दम कमी लागतो. तरीही आपल्या जिल्ह्याच्या गावांत सोनोग्राफी सेंटर चौकाचौकात सापडतं आणि पुनर्वसन केंद्र सापडत नाही.

मी : एक विचारतो. तुमच्या क्षेत्रात सगळ्यांना 'पोटानं श्वास घ्या' असं शिकवतात. टीव्हीवरही तेच सांगतात. तुम्ही आजींना ते का शिकवलं नाहीत?

वहिनी : कारण त्यांच्या फासळ्या आत ओढल्या जात होत्या. इतक्या फुगलेल्या छातीला मुद्दाम पोट पुढं ढकलून श्वास घ्यायला लावला, तर मेहनत वाढते आणि दम जास्त लागतो. गोसेलिंक यांनी १९९५ मध्ये गंभीर सीओपीडीच्या पेशंटांत हेच मोजून दाखवलंय. त्यांना मी ओठ चंबूसारखे करून हळूहळू श्वास सोडायला शिकवला, आणि दम लागला की टेबलावर कोपरं टेकून पुढं वाकायला. पुढं वाकलं की पोटाचा दाब पडद्याला खालून वर ढकलतो, सपाट झालेला घुमट थोडा तरी पुन्हा उभा राहतो.

मी : म्हणजे तुम्ही पडद्याच्या आकारावरच उपचार ठरवलात. तो आकार मशीनवर दाखवला असता तर?

वहिनी : दाखवा की. कोपरं टेकल्यावर पडदा जास्त सरकतो हे आजींना स्क्रीनवर दिसलं, तर त्या ते कधी विसरणार नाहीत. त्यासाठी मशीन वापरा, मी स्वतः पेशंट घेऊन येते. पण एक सावध करते. काही माणसं श्वास सोडताना पोट आवळून पडद्याला वर ढकलतात आणि मग पोट सैल सोडतात. पडदा आपोआप खाली पडतो. तुम्ही स्क्रीनवर बघाल, म्हणाल, वा, छान सरकला. दोन्ही नसा गेलेल्या माणसातही असं दिसू शकतं. प्रोब धरताना दुसरा हात पोटावर ठेवत जा.

मी : हे पुस्तकात आहे, पण शिकताना कुणी हात धरून दाखवत नाही. जाड होणंही पाहायचं, त्याचं कारण हेच. व्हेंटिलेटरवरच्या माणसात तर सरकण्याला अर्थच उरत नाही. मशीनच हवा ढकलतं आणि पडदा खाली जातो. तिथं फक्त जाडी.

वहिनी : आयसीयूतलं मी रोज बघते. माणूस मशीनवर गेला की दोन दिवसांत हातापायांचं मांस उतरतं. पडद्याचं काय होतं?

मी : त्याहून वाईट. लेव्हीन यांनीच २००८ मध्ये मेंदूमृत अवयवदात्यांच्या पडद्याचे तुकडे तपासले. अठरा ते एकोणसत्तर तास पूर्ण विश्रांतीत मशीनवर राहिलेल्यांचे तंतू निम्म्याहून बारीक झाले होते. पुढे टोरांटोच्या गोलिघर यांनी सोनोग्राफीनं रोज जाडी मोजली. पहिल्या आठवड्यात जवळजवळ निम्म्या लोकांचा पडदा दहा टक्क्यांहून जास्त पातळ झाला. ज्यांचे स्वतःचे श्वास मशीननं फार दाबून टाकले, त्यांचा जास्त. काहींचा उलट जाड झाला, कारण ते मशीनशी झगडत होते. हे कळल्यावर मशीन किती आधार देतंय याकडे डॉक्टर वेगळ्या नजरेनं पाहू लागले. सोनोग्राफी नसती तर जिवंत पेशंटात, खाटेवर, रोजच्या रोज हे दिसलं नसतं.

वहिनी : आणि व्हेंटिलेटरची नळी काढायची वेळ आली आहे का, हे सोनोग्राफी सांगते?

मी : इथं मी जपून बोलतो. २०१४ मध्ये डिनिनो यांनी ६३ पेशंटांत दाखवलं की पडदा तीस टक्के किंवा जास्त जाड होत असेल तर नळी काढणं बहुतेकदा यशस्वी होतं. सगळ्यांना हायसं वाटलं. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या अनेक रुग्णालयांनी मिळून जास्त धोक्याच्या पेशंटांवर तेच तपासलं. पडदा दुबळा असलेल्यांची आणि नसलेल्यांची नळी काढणं सारख्याच प्रमाणात फसलं.

वहिनी : का? खोकला. कफ बाहेर टाकायची ताकद, शुद्ध, हृदय, भीती. माणूस नुसता पडद्यावर जगत नाही, भावजी. नळी काढायच्या आधी मी त्याला खोकायला लावते, खाटेच्या कडेला पाय सोडून बसवते. बसता येत नसेल तर तुमचे पस्तीस टक्के असले तरी मला खात्री वाटत नाही.

मी : म्हणून नळी निघेल की नाही याचं भाकीत मी सोनोग्राफीवर करत नाही. नळी वारंवार परत घालावी लागत असेल, तेव्हा कारण शोधायला ती हाताशी घेतो. पाणी आहे का, फुफ्फुस मिटलंय का, पडदा चालतोय का, हे एकाच वेळी दिसतं.

कायद्याचा विषय वहिनींनी काढला. आपल्याकडे श्वासपटल पाहायचं असलं तरी मशीन गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली नोंदवलेलंच लागतं, ते नोंदणी झालेल्या जागेतच वापरायचं, आणि कुणी वापरायचं हेही ठरलेलं आहे. वहिनींच्या व्यायामाच्या हॉलमध्ये मी छोटं मशीन बगलेत मारून नेऊ शकत नाही, आणि परदेशात काही फिजिओथेरपिस्ट स्वतः पडदा पाहतात तसं वहिनींना करता येत नाही.

वहिनी : आणि याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. १९८८ मध्ये असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, केंद्राचा १९९४ चा त्यानंतरचा. त्याची गरज का पडली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पडद्याच्या सोयीसाठी त्यात फट पडत असेल तर पडदा राहू दे. आजींना मी चार पावलं तुमच्या खोलीपर्यंत चालवत आणीन. तेवढंच चालणं होईल.

मी : मग आपलं भांडण नेमकं कुठं उरलं?

वहिनी : तुम्ही म्हणता, दम लागणाऱ्या प्रत्येकाचा पडदा बघावा. मी म्हणते, आधी प्रश्न लिहा, मग प्रोब धरा. कुणाची करणार नाही ते सांगा.

मी : ज्याचा सीओपीडी स्पायरोमेट्रीत स्पष्ट आहे, दोन्ही बाजू एक्स-रेत सारख्या सपाट आहेत, पंपानं आणि व्यायामानं बरं वाटतंय, त्याची नाही. आडवं पडल्यावर दम वाढतो, एक बाजू वर दिसते, मानेचं किंवा हृदयाचं ऑपरेशन झालंय, स्नायूंचा आजार आहे, फुफ्फुसाच्या मानानं दम फारच जास्त आहे, त्याची नक्की. मात्र शिकणाऱ्या डॉक्टरांनी निरोगी माणसांचे पडदे भरपूर पाहावेत, असं मला अजूनही वाटतं. आपल्याकडच्या बुटक्या, बारीक बायकांचा पडदा किती सरकतो हे त्याशिवाय कळणार कसं? फ्रेंच रेघेवर तुमचा आक्षेप आहे, तो असाच दूर होईल.

वहिनी : त्याला माझी हरकत नाही. आणि आजी?

मी : त्यांची मी पुन्हाही केली असती. टीबीची जुनी जखम आणि वर गेलेली बाजू असताना नस गेली असती, तर ती का गेली हे शोधायला सीटी स्कॅन करावा लागला असता; त्या वयात गाठही निघू शकते. आता त्याची गरज उरली नाही. तुम्ही विचारलंत ना काय बदललं, हे बदललं.

वहिनी : हे रिपोर्टात कुठंय?

मी : आकड्यांत आहे.

वहिनी : आकडे मुलगा वाचतो. खाली मराठीत दोन ओळी लिहा. आणि परवा आजी येतील तेव्हा तुम्ही स्वतः माझ्या हॉलमध्ये या.

मी गेलो. आजी खुर्चीत बसून ओठांचा चंबू करून श्वास सोडत होत्या. त्यांना सांगितलं, "आजी, पडद्याची नस शाबूत आहे, पडदा काम करतोय. जुन्या आजारानं तो एका बाजूला चिकटलाय आणि फुगलेल्या फुफ्फुसांनी त्याची जागा अडवलीय, म्हणून दम लागतो. चालणं सोडायचं नाही." आजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "ऐकलंत ना? उठा मग, आज दोन फेऱ्या जास्त. आणि पुढचा कागद आला की आधी माझ्याकडे आणायचा."